गाडी नवी, वाट जुनी, स्वार दोघे

मृगाच्या सरी पडून डोंगर हिरवे होऊ लागले, की पुण्याच्या दक्षिणेकडील रस्त्यांवर शनिवार-रविवारी मोटारसायकलींची रीघ लागते. कात्रज ओलांडून सातारा रस्त्याने निघालेल्या या गाड्यांपैकी काही चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे वळतात, तर काही कापूरहोळवरून भोरची वाट धरतात. त्यांत तरुणांची टोळकी असतात, तशी जोडपीही असतात. कुणी नवविवाहित असते, तर कुणी मुले मार्गी लागल्यावर एखादा रविवार स्वतःसाठी राखून ठेवणारे शिक्षक किंवा कारकून दांपत्य असते. पुष्कळदा हँडलला बांधलेला पूजेचा हार अजून पुरता वाळलेलाही नसतो. नव्या गाडीची पहिली मोठी फेरी राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी व्हावी, ही हौस मराठी मनाला शोभणारीच आहे. ती कोणत्या रीतीने भागविली जाते, याचा मात्र थोडा विचार व्हावयास हवा; कारण हौस दोघांची असली, तरी तयारी बहुधा एकाचीच असते.

मराठी मध्यमवर्गाच्या संसारात दुचाकीला असलेले स्थान नव्याने सांगण्याची गरज नाही. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली, त्याच साली पुण्यातच ‘लूना’ही जन्मास आली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. पुढे उभे मूल, मध्ये कर्ता पुरुष, मागे एका बाजूस पाय सोडून बसलेली पत्नी आणि तिच्या मांडीवर भाजीची पिशवी, हे त्या काळचे कुटुंबचित्रच होते. मोटारसायकल ही मात्र तेव्हा पुरुषाची मानली जाई. बुलेट, राजदूत, जावा आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली येझ्दी या गाड्यांचा थाट वेगळा होता. १९८५ मध्ये ‘हीरो होंडा सीडी १००’ आली आणि थोड्या पेट्रोलात पुष्कळ अंतर तोडणारी चार-स्ट्रोकची मोटारसायकल नोकरदाराच्या दारात उभी राहिली. पुढे २००१ साली ‘पल्सर’ आली, तेव्हा गाडीकडे केवळ कामाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टीही बदलली. आज जोडप्याने मोटारसायकलवरून भटकंतीस जाणे यात कुणालाच नवल वाटत नाही.

पसंती कोणाची?

तथापि एक जुनी रीत अजून बदललेली नाही. गाडीची निवड करताना इंजिनाची ताकद, रंग, आवाज आणि मित्रांचे मत यांचा विचार होतो. मागे बसणाऱ्या व्यक्तीला क्वचितच विचारले जाते. दुकानातून गाडी चालवून पाहायला जाणारा एकटाच जातो. मग घरी आणल्यावर ध्यानात येते, की मागचे आसन अरुंद आणि उंच आहे, धरावयाला नीट कडी नाही, पाय ठेवावे तर गुडघे वर येतात. अशा आसनावर बसून कॉलेजपर्यंत जाता येईल, वेल्ह्यापर्यंत जाऊन परत येताना कंबर बोलू लागते.

कायद्याने मात्र या दुसऱ्या व्यक्तीचा विचार फार पूर्वीच केला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मोटारसायकलला धरण्यासाठी कायमची मूठ, पाय ठेवण्याची सोय आणि मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असणे आवश्यक आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हा त्यामागील हेतू. यालाच लोक साडीगार्ड म्हणतात. गाडी ‘शोभून दिसावी’ म्हणून हेच साडीगार्ड काढून टाकणारे पुष्कळ आहेत. ओढणी किंवा पदर चाकात गेल्यावर काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या शोभेची किंमत कळते.

सवयीचा कालखंड

नवे वाहन अंगवळणी पडावयास वेळ लागतो, आणि हा वेळ यंत्रालाही लागतो. नव्या इंजिनात पिस्टनवरील रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून नीट बसाव्या लागतात. म्हणून पहिले काही शे किलोमीटर वेगाला मर्यादा ठेवावी, एकाच गतीने लांबवर पळवू नये, वरच्या गियरमध्ये इंजिनाला कुंथावयास लावू नये, असे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये ऑइल बदलतात तेही याच कारणाने. त्यात या घर्षणाचा बारीक धातुचूर्ण उतरलेला असतो. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो थोडा झिजेपर्यंत वळणावर भरवशाचा नसतो. ब्रेकही काही दिवस वापरल्यावरच पुरते धरू लागतात. अशा गाडीवर दोन माणसे आणि सामान लादून थेट घाट चढावयास जाणे म्हणजे नुकत्या मुंज झालेल्या मुलाला वेदांच्या परीक्षेला बसविण्यासारखे आहे.

यंत्रापेक्षा माणसाची सवय मोडणे अधिक कठीण. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या पायाकडे असे. तिच्यावर हयात घालविलेल्या माणसाचा पाय नव्या गाडीवरही संकटाच्या क्षणी डावीकडेच ब्रेक शोधतो. येझ्दी-राजदूतच्या काळात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. उतारावर मूठ मिटली की इंजिनाला वंगणही कमी मिळे. त्यामुळे, आणि चार थेंब पेट्रोल वाचावे म्हणूनही, क्लच दाबून किंवा इंजिन बंद करून घाट उतरण्याची खोड अनेकांना लागली. आजच्या चार-स्ट्रोक इंजिनात वंगणाची व्यवस्था स्वतंत्र असते. उतारावर खालचा गियर टाकून इंजिनालाच वेग आवरू देणे हेच तेथे शहाणपणाचे. अन्यथा सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणावर साथ सोडतात.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. जोराने ब्रेक दाबला असता चाक जागच्या जागी अडकून घसरू नये, ही त्याची योजना. पण हे तंत्र काम करू लागले की ब्रेकची दांडी बोटांखाली थरथरते. प्रथमच हा अनुभव घेणारा घाबरून दांडी सोडून देतो, म्हणजे नेमके नको तेच करतो. मोकळ्या मैदानात चार वेळा हा थरथराट अनुभवून घेतला, तर रस्त्यावर धांदल उडत नाही.

डबलसीटचे गणित

‘डबलसीट’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! वास्तविक मागे पन्नास-साठ किलोंचे माणूस बसले की गाडी निराळी होते. वजन मागच्या चाकावर सरकते, पुढचे चाक हलके पडते, दिव्याचा झोत वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाचे डोळे दिपवतो. म्हणून मागच्या चाकात हवा चार-पाच पौंड अधिक भरावी लागते, मागील शॉकअब्सॉर्बर एक-दोन घरे घट्ट करावे लागतात, दिवा खाली करावा लागतो. पाच मिनिटांचे हे काम बहुसंख्य लोक कधीच करीत नाहीत.

वेगाचे गणित तर याहून कठोर आहे. ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर गेले तर वेग दीडपट होतो, पण गाडी थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी शक्ती सव्वादोनपट होते. त्यात दुसऱ्या माणसाच्या वजनाची भर. शिवाय पुढच्याला समोरचा खड्डा दिसतो, मागच्याला दिसत नाही. ब्रेक लागणार हे ठाऊक नसल्याने मागचे माणूस पुढे आदळते, वळणावर गाडी झुकली की भीतीने उलट बाजूस अंग टाकते आणि गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते. एका बाजूस पाय सोडून बसल्यास तोल आधीच एकीकडे गेलेला असतो. म्हणून दोन्ही बाजूंस पाय टाकून बसणे, वळणाच्या दिशेने चालविणाऱ्याच्या खांद्यावरून पाहणे आणि त्याच्या अंगाबरोबर झुकणे, हे मागे बसणाऱ्याचे शिक्षण आहे. ते त्याला कुणी देत नाही.

बाणेश्वरपासून वरंध्यापर्यंत

या शिक्षणासाठी भोर-वेल्ह्याच्या मुलखासारखी शाळा नाही, कारण येथे सोप्यापासून अवघडापर्यंत सर्व इयत्ता आहेत. पहिली फेरी नसरापूरजवळच्या बाणेश्वरापर्यंतच असावी. झाडीत दडलेले देऊळ पाहावे, तासभर बसावे आणि परतावे. कंबर, मनगटे आणि गाडी यांपैकी कोण काय तक्रार करते ते तेवढ्यात कळते. दुसरी फेरी भोरची. कापूरहोळपासून रस्ता वळसे घेत जातो, नीरेचे वळण दिसते, १९२७ साली पूर्ण झालेले वेळवंडी नदीवरील भाटघरचे धरण वाटेपासून दूर नाही, आणि पंतसचिवांच्या जुन्या संस्थानाचा राजवाडा गावात उभा आहे. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर वेल्हे गाठावे. या तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला; लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. मार्गासनीवरून पुढे जाताना जो राजगड दिसतो, तो सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता, आणि वेल्हे गाव तर तोरण्याच्या कुशीतच वसले आहे. वेल्ह्याहून पाबे घाटाने खानापूरकडे उतरणारी वाट ही वरच्या इयत्तेची. हिरडस मावळातून महाडकडे उतरणारा वरंधा घाट सर्वांत शेवटी.

पावसाळ्यात वरंध्यात दरडी कोसळतात आणि प्रशासन वेळोवेळी वाहतूक बंद करते. बंदीचा फलक बाजूस सारून जाणारे वीर दर वर्षी निघतात. आपल्या जिवावर उदार होण्याचा अधिकार क्षणभर मान्य केला, तरी मागे बसलेल्या माणसाचा जीव त्या हिशेबात धरण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न उरतोच.

हा रस्ता भटकंती करणाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेला नाही, हेही विसरता कामा नये. भातलावणीच्या दिवसांत खाचरातून निघालेल्या ट्रॅक्टरची चाके डांबरावर चिखल सांडतात. ओल्या डांबरावरचा तो चिखल तुपासारखा असतो. सायंकाळी म्हशी घराकडे वळतात, शाळा सुटलेली मुले कडेने चालतात, झाडाखालच्या ओलाव्यात शेवाळ धरते. गावकऱ्यांचे हे रोजचे जगणे आहे. पाहुण्याने त्यातून हळू जावे, एवढीच अपेक्षा.

मागच्या आसनाचा अधिकार

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातल्यामुळे मृत्यू आलेल्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालविणारा आणि मागे बसणारा असा भेद करीत नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध पुष्कळ शाब्दिक लढाया झाल्या. पण पतीच्या डोक्यावर हेल्मेट आणि पत्नीच्या डोक्यावर केवळ ओढणी, या दृश्याचे समर्थन कोणत्याही बाजूच्या पंडिताला करता येणार नाही. नव्या गाडीसाठी लाख-दोन लाख मोजणाऱ्याने दुसऱ्या हेल्मेटपाशी हात आखडावा, यास काटकसर म्हणत नाहीत.

म्हणून निघण्यापूर्वी दोघांनी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. वाऱ्यात बोललेले ऐकू येत नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, अशी साधी खूण पुरते. ‘थांब’ म्हटल्यावर कारण न विचारता थांबावयाचे, हा नियम असावा. वेग किती असावा याचा अंतिम शब्द मागे बसणाऱ्याचा असावा. कारण हँडल हाती असणाऱ्याला भीती कमी वाटते आणि ब्रेक हाती नसणाऱ्याला ती खरी वाटते. तासाभराने उतरून पाय मोकळे करावेत. आणि जिथे स्त्रीकडे परवाना आहे, किंवा ती तो काढू शकते, तिथे तिने ही गाडी चालवावयास शिकावे हे उत्तम. पुण्यासारख्या शहरात जिने गर्दीतून वर्षानुवर्षे स्कूटर हाकली आहे, तिला नसरापूरचा मोकळा रस्ता जड जाऊ नये. घाटात एकाच्या पायाला गोळा आला, तर गाडी घरी आणणारे दुसरे माणूस बरोबर असते, हा त्याचा व्यावहारिक लाभ. एकमेकांच्या मागे बसून पाहिल्यावर एकमेकांची अडचण कळते, हा त्याहून मोठा.

गाडीची नवलाई महिन्या-दोन महिन्यांत ओसरते. हार सुकतो, टाकीवर पहिला ओरखडा उठतो आणि हळहळून झाल्यावर माणूस तो विसरतो. त्यानंतर उरते ती सवय. ती एकाच्या मुठीत न राहता दोघांच्या अंगी मुरली, तर तीच गाडी तोरण्याच्या पायथ्याशी पुन्हा पुन्हा जाते आणि तितक्याच वेळा सुखरूप परत येते.