आवरणाला बत्तीस भोकं

आपलं शरीर बाहेरच्या जगापासून स्वतःला किती जपतं! वरून त्वचा, तोंडापासून थेट आतड्यापर्यंत ओलं अस्तर. या आवरणाला कुठे फट नाही. केस आणि नखं बाहेर येतात खरी, पण ती त्वचेच्याच घडीत उगवतात, तिला भेदून येत नाहीत. दात मात्र भेदतो. त्याचं मूळ जबड्याच्या हाडात, डोकं उघड्यावर, आणि तेही जंतूंच्या भरवस्तीत. अक्कलदाढा धरल्या तर आवरणाला अशी बत्तीस भोकं. गच्चीच्या स्लॅबमधून पाइप वर काढला की पहिल्याच पावसात पाणी नेमकं त्या सांध्यातून झिरपतं, हे घर बांधलेल्या कुणालाही ठाऊक असतं. हिरडीकडे असे बत्तीस सांधे जन्मभर सांभाळायचं काम आहे.

ते ती कसं करते हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. दाताभोवती पेशींची एक पातळ पट्टी चिकटलेली असते आणि तिच्यातल्या पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात. पट्टीच्या वर एक उथळ खाच असते, निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर खोल. या खाचांच्या वाटेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी तोंडात उतरत राहतात. मिनिटाला सुमारे ३०,०००, अगदी निरोगी तोंडातसुद्धा. खाली दात हाडाला चिकटलेला नसतोच. जेमतेम पाव मिलिमीटर जागेत ताणलेल्या तंतूंवर तो तोललेला असतो, म्हणून भातातला बारीकसा खडाही दाताखाली लगेच कळतो.

आता समोरचा पक्ष. १६८३ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लीवेनहॉक याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा लगदा खरवडून आपल्या घरगुती सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तो रोज मीठ लावून दात घासायचा, तरीही त्याला त्यात असंख्य चिमुकले जीव वळवळताना दिसले. ते जीव म्हणजे आपल्याच तोंडातले जंतू. ब्रश ठेवल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर चढतो, काही तासांत त्यावर जंतू पकड घेतात, त्यांच्यावर दुसरे, दुसऱ्यांवर तिसरे. थर जाड झाला की तळाशी हवा पोहोचत नाही आणि हवा न सोसणाऱ्या जाती तिथे बस्तान बसवतात. हा थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात उतरतं आणि त्याचं दगडासारखं कीटण होतं. लाळेच्या नळ्या जिथे उघडतात तिथे ते सगळ्यात जास्त धरतं: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला.

हा थरच हिरड्या बिघडवतो, हे १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या हाराल्ड लो यांनी अगदी साध्या प्रयोगातून दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणं बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. त्यांनी पुन्हा ब्रश हाती घेतला आणि आठवडाभरात सूज उतरली. हिरडीदाह ही पहिली पायरी अशी पूर्ण मागे फिरवता येते.

दुसऱ्या पायरीवरून तसं परतता येत नाही. सूज महिनोन्‌महिने राहिली की काही जणांत पेशींची पट्टी दातापासून सुटत खाली सरकते, खाचेचा खिसा होतो आणि भोवतालचं हाड झिजू लागतं. गंमत अशी की ते हाड जंतू खात नाहीत. संसर्गाशी लढताना आपलंच शरीर, आपल्याच हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावून, ते मागे घेतं. यालाच आपल्याकडे पायरिया म्हणतात.

‘काही जणांत’ म्हणजे किती, याचं उत्तर श्रीलंकेच्या चहामळ्यांतून आलं. लो आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षं ४८० मजुरांचे दात पुन्हा पुन्हा तपासले. त्यांच्याकडे टूथब्रश नव्हता, दंतवैद्यही नव्हता. नुसतं बघत राहणारा असा अभ्यास आज कुणी मंजूर करणार नाही. दातांवर थर सगळ्यांच्याच होता, हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या. तरी ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळपास सगळे दात गेले. ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने सरकला. ११ टक्क्यांत मात्र हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही! थर तोच, पण प्रत्येकाच्या शरीराचं त्याला उत्तर वेगळं.

हा रोग बहुतेक वेळा दुखत नाही, हीच खरी अडचण. घासताना रक्त येणं, तोंडाला वास येणं, हिरडी लालसर आणि फुगीर दिसणं, दात लांब झाल्यासारखे वाटणं, नव्या फटींत घास अडकणं या त्याच्या खुणा. दात हलायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो. मशेरी, तंबाखू, सिगारेट घेणाऱ्यांची आणखी फसगत होते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि आतून रोग वाढत असताना हिरडी बरी दिसते. मधुमेहात धोका वाढतो, आणि उलटही खरं आहे: हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचं सरासरी माप, सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरतं.

दंतवैद्य खुणा असलेली बारीक सळई खाचेत घालून खोली मोजतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेली की लक्ष द्यायचं. उपचार म्हणजे मुख्यतः सफाई: आधी हिरडीच्या वरचं कीटण, मग भूल देऊन खिशातलं, आणि खिसे फारच खोल उरले तर शस्त्रक्रिया. ‘साफ केले की दात सैल होतात’ ही घरोघरची भीती. फट आणि ढिलेपण आधीपासूनच असतं. कीटणाने ते झाकलेलं असतं, इतकंच. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण आहे ते टिकवता येतं. त्यासाठी पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते.

घरी करायचं ते सोपं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, दातांच्या मधल्या फटींसाठी फ्लॉस किंवा बारीक ब्रश, तंबाखू बंद. रक्त दिसलं की आपण ती जागा टाळतो, पण ब्रशची सगळ्यात जास्त गरज तिथेच असते. नीट घासून दोन आठवड्यांतही रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्याकडे जाऊन खाचांची खोली मोजून घ्यावी. आपण त्या अकरा टक्क्यांतले की आठ टक्क्यांतले, याचा पत्ता आरशात लागत नाही.