उन्हाळा आणि तान्हें मूल

मे महिन्यांत छत्रपति संभाजीनगरांत पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत घरीं दीड महिन्याचें मूल असलें म्हणजे शिक्षिका असलेल्या आईला सुटी कसली? रोज दुपारीं आजीबाई पाण्याचा चमचा घेऊन पुढें येतात, आणि तिची परीक्षा सुरू होते. बाळाचा घसा कोरडा पडला असेल, हा आजीचा कळवळा खरा. उपाय मात्र चुकीचा.

आईच्या दुधांत शेंकडा सुमारें 88 भाग पाणीच असतें. बाळाची तहान त्यानेंच भागते. चिमुकलें पोट पाण्यानें भरलें कीं मूल दूध कमी ओढतें, आणि ओढ कमी झाली कीं दूधहि आटूं लागतें. शिवाय पाण्यावाटें अतिसाराचे जंतु जाण्याचें भय. म्हणूनच पहिले सहा महिने केवळ अंगावरचें दूध द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. माठांतलें पाणी आईनें प्यावें.

दिवसाकाठीं सहा लंगोट ओले झाले तर काळजी नको. लघवी कमी, टाळू खोल, मूल सुस्त असें दिसतांच मात्र डॉक्टर गांठावा. शेगडी आणि टोपडें यांना तूर्त रजा.

आईची रजा 1961 च्या कायद्यानें बारा आठवडे होती. 2017 च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांपुरती ती सव्वीस झाली, म्हणजे जवळजवळ तेच सहा महिने. जिला ती मिळत नाहीं, तिनें जूनमध्यें शाळा उघडतांच स्वच्छ भांड्यांत दूध काढून शीतकपाटांत ठेवावें. चार दिवस टिकतें. चमचा तेव्हां आजीबाईंच्याच हातीं द्यावा.