पत्ता : जि. रायगड

हॉस्टेलच्या फॉर्मवर 'सध्याचा पत्ता' असतो ना, तिथे मी खारघरपुढे 'जिल्हा मुंबई' लिहून मोकळा झालो. ऑफिसमधले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुंबई? अरे, रायगडात राहतोस तू!" कॉन्व्हेंटमध्ये नाईल, ॲमेझॉन सगळं पाठ केलं, पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

लोकलने बेलापूर सोडलं की पुढचंच स्टेशन खारघर. तेवढ्यात ठाणे जिल्हा संपून रायगड लागतो. 1981 पर्यंत याचं नाव होतं कुलाबा. (आपण शॉपिंगला जातो तो नव्हे!) अलिबागसमोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे, ओहोटीला चालत जाता येतं. आंग्र्यांचं अलिबागचं संस्थान इंग्रजांनी 1840 मध्ये खालसा केलं आणि 1869 मध्ये वेगळा जिल्हा केला. आपलं पनवेल तेव्हा ठाण्यातच होतं, ते 1883 मध्ये इकडे आलं. आज जिल्ह्याचे 15 तालुके आहेत. ज्या किल्ल्यावरून नवं नाव पडलं तो रायगड पार दक्षिणेला, महाड तालुक्यात.

एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये भातशेती. खाडीचं खारं पाणी मातीचे बांध घालून अडवायचं आणि आतल्या खारजमिनीत भात लावायचा. एका उधाणाला बांध फुटला की शेत गेलं. अशी जमीन कसणाऱ्या अलिबागकडच्या कुळांनी चरी गावी 1933 मध्ये संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. तब्बल सहा वर्षं शेतं पडीक ठेवली! आपला सबमिशनवरचा बहिष्कार दुपारपर्यंत टिकत नाही.

1970 मध्ये सिडको आली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली.

हे सगळं मी मेसमध्ये मोठ्या ऐटीत सांगत होतो. आमच्या मावशी भात वाढता वाढता म्हणाल्या, "तुमच्या बाईक लावता ना, तिथं आमचं शेत होतं. सासूबाई लावणीला यायच्या." मी विचारलं, मग साडेबारा टक्के? "दिरांच्या नावावर," म्हणाल्या आणि पुढच्या ताटाकडे वळल्या.