धोनी आउट झाला, मग सर्व्हरचं काय झालं?

१० जुलै २०१९. वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत विरुद्ध न्यूझीलंड. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. मी याच हॉस्टेलला होतो. टीव्ही रूममध्ये जागा नाही, म्हणून पायऱ्यांवर चौघांत एक मोबाईल, त्यावर हॉटस्टार. त्या दिवशी त्या ॲपवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते. तेव्हाचा जागतिक विक्रम! मॅच गेली, पण सर्व्हर टिकले. कसे?

क्लाउडवर सर्व्हर भाड्याने मिळतात. गर्दी वाढली की आपोआप वाढवायचे, ओसरली की कमी करायचे, याला म्हणतात ऑटोस्केलिंग. ऐकायला सोपं आहे: समजा, सीपीयू ७० टक्क्यांवर गेला की नवा सर्व्हर. पण तो सुरू होऊन कामाला लागेपर्यंत मिनिट-दीड मिनिट जातं. शेवटच्या ओव्हर्समध्ये तेवढ्यात लाखो लोक येऊन धडकतात.

आपल्या मेसचंच बघा ना. रांग दारापर्यंत आल्यावर कणिक मळायला घेतली तर पोळी कधी मिळणार? मेसवाले काकाजी टीव्ही रूममधली डोकी मोजून आधीच गोळे करून ठेवतात. हॉटस्टारच्या इंजिनिअर्सनी हेच केलं. क्लाउडच्या तयार ऑटोस्केलिंगवर न विसंबता, प्रेक्षक किती आणि रिक्वेस्ट किती यावरून सर्व्हर ठरवले, वर काही जास्तीचे तयार ठेवले.

खरी गंमत पुढेच. गप्टिलचा थ्रो थेट स्टंपवर, धोनी ५० वर रनआउट! "गेली बे मॅच!" म्हणत सगळे उठले. व्हिडिओचा भार धाडकन उतरला. मग सर्व्हर काढायचे? थांबा! व्हिडिओतून बाहेर पडताना लोक बॅक दाबतात आणि होमपेज उघडतं. व्हिडिओचे तुकडे सगळ्यांना सारखेच, ते सीडीएन वाटतं. होमपेज मात्र प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे जुळवावं लागतं. म्हणजे टीव्ही रूम रिकामी, आणि सगळी पोरं एकदम मेसवर! म्हणून तिथे सर्व्हर घाईने काढत नाहीत. फारच ताण आला तर शिफारशींसारख्या सोयी बंद करतात, व्हिडिओ चालू ठेवतात. २०२३ च्या फायनलला याच ॲपवर आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला.

हे मला उशिरा कळलं. फायनल इयरला आमच्या ग्रुपने गॅदरिंग लाइव्ह दाखवलं होतं. मध्यंतरात प्रेक्षक गेले, सर्व्हर आपोआप कमी झाले. मध्यंतरानंतर पहिलंच गाणं माझं, आणि गावाकडे आईला दिसलं नुसतं गोल फिरणारं चक्र.

तेव्हा प्रोजेक्टवाल्यांनो, डेमोत लोड चढवून दाखवता ना? एकदा झटकन उतरवून, लगेच परत चढवूनही बघा.