सावलीपुढे थांबणारा प्रकाश

गिरगावातील चाळींपासून परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांपर्यंत, अतिनील किरणांनी होणारे घरगुती निर्जंतुकीकरण नेमके समजून घ्यायचे असेल, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवरील जलशुद्धीकरण यंत्राइतके चांगले साधन दुसरे नाही. १९८०च्या दशकात विक्रेत्यांनी दारोदार फिरून घरोघरी पोहोचवलेल्या या यंत्राला, बनावट कोणतीही असली तरी, आजही सर्रास ‘ॲक्वागार्ड’ म्हटले जाते.

अतिनील किरणांपैकी १०० ते २८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना ‘यूव्ही-सी’ म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. सूर्यप्रकाशातील हे किरण वातावरणातच शोषले जात असल्याने घरात ते दिव्यानेच निर्माण करावे लागतात आणि कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा दिवा मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण देतो. जंतूच्या डीएनएमध्ये थायमिन नावाची दोन एकके शेजारी असतील, तर या किरणांमुळे ती एकमेकांना जोडली जातात, डीएनएची प्रत निघणे अडते आणि जंतूची वाढ खुंटते.

सर्व्हिसिंगसाठी यंत्र उघडले की पोलादी नळकांड्यात क्वार्ट्झची पारदर्शक नळी आणि तिच्या आत दिवा दिसतो, कारण साधी काच हे किरण अडवते. पाणी या नळीभोवतीच्या अरुंद जागेतून वाहते, म्हणून त्याचा प्रत्येक थेंब दिव्याच्या अगदी जवळून जातो, आणि यंत्राचे खरे यश या रचनेत आहे. मात्र जुन्या जलवाहिनीतून आलेला गंज किंवा बारीक गाळ नळीवर साचला, तर जंतू त्या पडद्याआड सुरक्षित राहतात. गाळणी आधी आणि दिवा नंतर हा क्रम त्यासाठीच असतो. दिव्याची निळसर झळाळी पाहून तो काम करतो आहे असे मानणे चुकीचे आहे, कारण जंतुनाशक किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि साधारण आठ-नऊ हजार तासांच्या वापरानंतर ते क्षीण झाले तरी झळाळी टिकून राहते. शिवाय कोळशाची गाळणी पालिकेच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकते आणि अतिनील किरणांचा परिणाम पाण्यात मागे उरत नाही, त्यामुळे माठात भरून ठेवलेल्या या पाण्यात हात बुडाला की ते पुन्हा दूषित होऊ शकते. मुंबईला तलावांतून मिळणाऱ्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळात कमी असल्याने, ते काढण्यासाठी बरेचसे पाणी वाया घालवणारे आरओ यंत्र बसवण्यापेक्षा हे साधे यंत्र नीट राखणे अधिक शहाणपणाचे ठरते.

२०२०च्या कोविड साथीत हाच दिवा पेट्यांमध्ये आणि हातात धरायच्या कांड्यांमध्ये बसवून विकला जाऊ लागला. त्याच वर्षी मुंबईच्या नौदल गोदीने अवजारे, कपडे यांसाठी अतिनील कक्ष तयार केला, तेव्हा भिंतींना ॲल्युमिनियमचे पत्रे लावण्यात आले, कारण परावर्तनाशिवाय वस्तूची पाठ अंधारातच राहते. किरणांची मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिवॅट तीव्रता असेल, तर पिण्याच्या पाण्यासाठी एका अमेरिकी प्रमाणकाने ठरवलेली ४० मिलिज्यूल मात्रा मिळायला ४० सेकंद लागतात. दादरच्या बाजारातून आणलेल्या भाजीच्या जुडीवरून किंवा घडी घातलेल्या नोटांवरून चार सेकंदांत कांडी फिरवली, तर पानाआड आणि घडीत काहीच पोहोचत नाही. तेथे वाहते पाणी आणि साबणाने धुतलेले हात अधिक उपयोगी पडतात.

किरण आणि सावली यांचे हे भूमितीय नाते या शहराला नवे नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अधिकारी जे. पी. ऑर यांनी घरांत उजेड-वारा पोहोचावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला होता. समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर मोकळे असावे, असा त्याचा अर्थ.

उघड्या यूव्ही-सी दिव्याचा प्रकाश मात्र खोलीतील माणसांवर पडता कामा नये. त्याने डोळ्यांच्या पारपटलाला दाह होतो, त्वचा भाजते आणि हे दुखणे काही तासांनी जाणवत असल्याने दोष दिव्याचा आहे हे चटकन लक्षात येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे मुले आणि वृद्ध दिवसभर त्याच जागेत वावरतात, तेथे झाकण उघडताच आपोआप बंद होणारी पेटीच वापरावी. निकामी झालेल्या दिव्यात पारा असतो, म्हणून तो रोजच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावा.