दोघी बहिणी, दोन मोटारसायकली आणि साडेपाच हजार मैल

मैत्रिणींनो, परवाचीच गोष्ट. आमच्या शेजारच्या वहिनी स्कूटर घेऊन एकट्याच बहिणीकडे निघाल्या. अंतर म्हणाल तर साताऱ्याहून कऱ्हाड, अवघे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण निघेपर्यंत घरात केवढा गोंधळ! सासूबाई म्हणाल्या, "अगं, एसट्या काय बंद पडल्यात?" यजमान म्हणाले, "रविवारपर्यंत थांब, मी सोडतो." मुलगा म्हणाला, "आई, वाटेत पंक्चर झालं तर?" वहिनींनी कुणालाच उत्तर दिले नाही. ओढणी घट्ट बांधली, पाण्याची बाटली डिकीत टाकली आणि गेल्या. दिवेलागणीला परतल्या तेव्हा चेहऱ्यावर असे काही समाधान होते, की मी चहा घेता घेता त्यांच्याकडे बघतच राहिले.

आणि मला आठवल्या शंभर वर्षांपूर्वीच्या दोघी बहिणी. ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्यूरेन. राहणाऱ्या न्यूयॉर्कच्या. घरी एकीला गसी म्हणत, दुसरीला ॲडी. १९१६ साली या दोघी एकेक मोटारसायकल घेऊन अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेल्या. तुम्ही म्हणाल, त्यांचे काय, त्या मडमा! त्यांना कोण अडवणार? थांबा. अडवले तर सगळ्यांनीच. तीच तर सांगण्यासारखी गोष्ट आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

१९१६ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले होते. अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती, पण आज ना उद्या उतरावे लागणार, हे दिसत होते. सैन्यात एका तुकडीचा निरोप दुसरीकडे पोचवायला मोटारसायकलस्वार लागत. या बहिणींचे म्हणणे असे, की हे काम बायकांना द्या. तेवढे पुरुष लढाईसाठी मोकळे होतील. म्हणणे साधे आणि सरळ होते. पण बायकांना हे झेपेल, असे मानायलाच कोणी तयार नव्हते. त्या वेळी अमेरिकेत देशभरातल्या स्त्रियांना मतदानाचाही हक्क नव्हता बरं का! तो मिळाला १९२० साली.

मग दोघींनी ठरवले, वाद घालत बसण्यापेक्षा करूनच दाखवू.

ऑगस्टाने तिशी ओलांडली होती, ॲडलिनची पंचविशी उलटली होती. म्हणजे अल्लड वयातले हे धाडस नव्हे. चांगला विचार करून घेतलेला निर्णय होता.

तयारी

लांबच्या प्रवासात निम्मे यश निघण्याआधीच मिळवायचे असते. लग्नकार्य पार पाडलेल्या बाईला हे वेगळे सांगायला नको!

गाड्या त्यांनी निवडल्या त्या काळातल्या उत्तमांपैकी. 'इंडियन' कंपनीची 'पॉवर प्लस', हजार सीसीचे इंजिन. नावात इंडियन असले तरी कंपनी अस्सल अमेरिकन. किंमत पावणेतीनशे डॉलर, म्हणजे त्या काळी लहानसहान रक्कम नव्हे. टायर घेतले ते न घसरणारे, कारण पुढचे रस्ते कसे आहेत हे त्यांना ठाऊक होते. पुढचे दिवे गॅसवर जळणारे. गिअर हाताने टाकायचे. एवढे वजनदार यंत्र चिखलात पडले तर स्वतःच उभे करायचे, कारण पाठीमागून मदतीची गाडी येणार नव्हती.

आणि कपडे? इथेच तर खरी मेख होती. लांब घेराचा झगा घालून मोटारसायकल चालवणे म्हणजे चाकाला स्वतःच्या हाताने आमंत्रण देणे. म्हणून दोघींनी चामड्याच्या विजारी घातल्या, पोटऱ्यांना चामड्याची वेष्टणे बांधली, डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून.

४ जुलै १९१६ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून त्या निघाल्या.

विजारीचा गुन्हा

पूर्वेकडचे रस्ते बरे होते. शिकागो मागे टाकल्यावर मात्र पावसाने आणि चिखलाने गाठले. त्याहून विचित्र अडचण आली ती पोलिसांची. लहान लहान गावांत त्यांना थांबवले जाई, पकडून नेले जाई. वेगाने गाडी चालवली म्हणून नव्हे, कुणाला धडक दिली म्हणूनही नव्हे. बायका असून पुरुषी कपडे घातले म्हणून! एकदा नव्हे, अनेकदा.

जरा कल्पना करा. अंग आंबलेले, कपडे चिखलाने माखलेले, पोटात भूक, आणि समोर उभा हवालदार विचारतोय, "विजार का घातली?" दोघी समजावून सांगत, सुटत आणि पुन्हा गाडीला लाथ मारून पुढे निघत. रागाच्या भरात माघारी फिरल्या असत्या तर कोण दोष देणार होते? पण त्या फिरल्या नाहीत.

चौदा हजार फुटांवर

कोलोरॅडोमध्ये पाइक्स पीक नावाचे शिखर आहे. उंची चौदा हजार फुटांहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे ४,३०० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर; त्याच्या अडीचपटीहून जास्तच की! वर जाणारा मोटाररस्ता नुकताच तयार झाला होता. वळणावर वळणे, आणि वर जावे तसतशी हवा विरळ. माणसाला धाप लागते, इंजिनालाही लागते.

हे शिखर वाटेत नव्हते. गेल्या नसत्या तरी चालले असते. पण ऑगस्टमध्ये दोघी मोटारसायकलींवरून थेट माथ्यावर पोचल्या. स्वयंचलित वाहन चालवत त्या शिखरावर पोचलेल्या पहिल्या स्त्रिया म्हणून त्यांची नोंद झाली.

चिखल आणि वाळवंट

गंमत अशी, की शिखर जिंकले आणि पुढे चिखलाने हरवायची वेळ आणली. रॉकी पर्वतातून पश्चिमेला जाताना पावसाने पायवाटेचा राडा झाला. चाके इतकी रुतली की गाड्या हलेनात. शेवटी गाड्या तिथेच सोडून दोघी चालत गिल्मन नावाच्या खाणीच्या वस्तीवर गेल्या. तिथल्या खाणकामगारांनी त्यांना आसरा दिला आणि गाड्या बाहेर काढायला हात लावला. कपड्यांवरून पकडणारे भेटले, तसे कपड्यांकडे न बघता मदत करणारेही भेटले. हेही लक्षात ठेवायला हवे, नाही का?

सर्वांत कठीण प्रसंग आला तो पुढे, सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेला. शंभरेक मैल गेल्यावर त्या वाळवंटात वाट चुकल्या. चहूकडे सपाट, कोरडी, पांढुरकी जमीन. माणूस नाही, झाड नाही. जवळचे पाणी संपत आलेले. अशा वेळी जमिनीत खनिजे शोधत फिरणारा एक माणूस देवासारखा भेटला. त्याच्याजवळचे पाणी मिळाले, म्हणून जीव वाचला. तो आला नसता तर ही गोष्ट सांगायला आपल्याला काही उरले नसते. धाडसाच्या गोष्टींत हा भाग पुष्कळदा गाळतात. मी मुद्दाम सांगते आहे. धैर्य कितीही असो, पाणी मोजूनच घ्यावे लागते.

२ सप्टेंबरला त्या सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. ८ सप्टेंबरला लॉस एंजेलिस गाठले. तरी हौस फिटली नाही म्हणून सरहद्द ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनापर्यंत जाऊन आल्या. सारा प्रवास सुमारे साडेपाच हजार मैलांचा, म्हणजे जवळजवळ ८,८५० किलोमीटर. पुणे ते महाबळेश्वरहूनही जास्त अंतर रोज, दोन महिने, आणि तेही बहुतांशी मातीच्या रस्त्यावर!

दोन स्वतंत्र मोटारसायकलींवर अमेरिका पार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. त्यांच्या आदल्याच वर्षी, १९१५ साली, एफी हॉचकिस नावाची मुलगी आपल्या आईला, एव्हिसबाईंना, साइडकारमध्ये बसवून अशीच गेली होती. वाटेत नव्या ट्यूब मिळेनात, तेव्हा या मायलेकींनी घोंगडी कापून, गुंडाळून टायरमध्ये भरली आणि गाडी पुढे काढली! जुन्या वस्तूचा उपयोग करावा तर आयांनीच.

आणि निकाल काय लागला?

आता तुम्हाला वाटेल, सैन्याने दोघींना मानाने बोलावून घेतले असेल. छे! १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली. निरोप्या म्हणून काम करण्याची त्यांची मागणी सैन्याने नाकारली.

वर्तमानपत्रांनी काय केले? मोटारसायकलींना वाहिलेल्या एका मासिकाने गाडीचे कौतुक केले, चालवणाऱ्या बायकांचे नाही. त्यांचा प्रवास म्हणजे सुट्टीतली मौज! डेन्व्हरच्या एका वृत्तपत्राने तर देशसेवेचे निमित्त करून या घरकामातून पळाल्या आणि नटून मिरवल्या, अशा अर्थाचे लिहिले.

हे वाचले तेव्हा, खरे सांगते, माझ्या घशाशी आवंढा आला. कारण हे बोलणे आपल्या ओळखीचे आहे. पहाटे पाचला उठून डबे, धुणे, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे असे सगळे उरकून रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाईला कोणी सहज म्हणून जातो, "दिवसभर घरातच तर असतेस." भाजी छान झाली तर कुकरचे कौतुक! केलेले काम डोळ्यांसमोर असते, पण करणारी दिसत नाही.

मग त्या बहिणींनी काय केले? रडत बसल्या नाहीत. ॲडलिनने न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. ऑगस्टा पुढे विमान चालवायला शिकली आणि अमेलिया इअरहार्ट जिच्यात होती त्या स्त्री वैमानिकांच्या 'नाइन्टी-नाइन्स' संघटनेत सामील झाली. रस्त्यावर नाही म्हणालात, तर आकाश आहे!

ॲडलिन १९४९ साली गेली, ऑगस्टा १९५९ साली. अमेरिकेतल्या मोटारसायकलस्वारांच्या सन्मान-दालनात त्यांची नावे लागली २००२ साली, प्रवासानंतर तब्बल ८६ वर्षांनी. आणि २०१६ साली, त्या प्रवासाला शंभर वर्षे झाली तेव्हा, कितीतरी स्त्रिया आपापल्या मोटारसायकली घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. त्यांना विजारीबद्दल कोणी हटकले नाही.

आता तर चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, मोटारसायकल चालवणारी मंडळी आहेत, आणि त्यांत स्त्रियाही आहेत. अमेरिकेत अकरा दिवसांची 'आयर्न बट रॅली' नावाची महाकठीण स्पर्धा असते. २०१९ साली ती वेंडी क्रॉकेट या बाईंनी जिंकली. ती जिंकणारी ही पहिली स्त्री. कोणी कौतुक केले नाही म्हणून १९१६ सालचे साडेपाच हजार मैल वाया गेले नव्हते. वाट तेव्हाच पडली होती.

तुम्ही निघणार असाल तर

हजार मैल राहू द्या. पण माहेरी, बहिणीकडे, देवदर्शनाला स्कूटरवरून जायचे मनात असेल, तर लांब पल्ल्याच्या स्वारांची ही शिस्त आपल्यालाही उपयोगी पडेल:

• नवी चप्पल, नवा ड्रेस, नवी सीट प्रवासाच्या दिवशी प्रथमच वापरू नका. काय टोचते, काय काचते ते घराजवळच कळू द्या.

• पदर, ओढणी, रेनकोटची टोके आत खोचा. चाकात कापड अडकून झालेले अपघात किती भयंकर असतात!

• टायरमधली हवा, ब्रेक आणि दिवे आदल्या दिवशीच तपासून घ्या. निघताना तपासले तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

• पाणी तहान लागण्याआधी प्या. प्रसाधनगृहाच्या भीतीने पाणी टाळू नका. थांबण्याच्या जागा आधीच ठरवा.

• भरपेट जेवून निघू नका. सुस्ती येते. दशमी, केळे, शेंगदाण्याचा लाडू असे थोडे थोडे खा.

• तास-दीड तासाने उतरा, पाय मोकळे करा. डोळा जड वाटला तर गाडी बाजूला घ्या. चहा घेऊन झोप ढकलता येते, घालवता येत नाही.

• हेल्मेटचा पट्टा लावा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट काय कामाचे?

• कुठल्या वाटेने जाणार, कितीला पोचणार, हे घरी सांगून जा. ही परवानगी मागणे नव्हे, काळजी घेणे आहे.

जाता जाता वहिनींचे सांगते. पुढच्या महिन्यात त्या कोल्हापूरला निघाल्यात, अंबाबाईच्या दर्शनाला. सासूबाई या वेळी एसटीचे नाव काढत नाहीत. परवा हळूच म्हणाल्या म्हणे, "मागे बसून मला जमेल का गं?"