संदेश-मध्यस्थ प्रणालीतील साठवण-मर्यादा : एक स्पष्टीकरण

२०११ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या ‘काफ्का’ या संदेश-मध्यस्थ प्रणालीत एका विषयाचे संदेश ‘टॉपिक’मध्ये साठविले जातात व टॉपिकचे अनेक विभाग असतात. ‘लॉग.रिटेन्शन.बाइट्स’ हा पर्याय संपूर्ण टॉपिकची साठवण-मर्यादा ठरवितो, असा समज होतो. वस्तुतः ती मर्यादा प्रत्येक विभागास स्वतंत्रपणे लागू होते. उदाहरणार्थ, सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयाने प्रवेश-अर्जांसाठी ६ विभाग, प्रत्येकाच्या ३ प्रती व १० जीबी मर्यादा ठेवल्यास सर्व सर्व्हरवर मिळून सुमारे १८० जीबी जागा लागू शकते. शिवाय १६८ तासांची मूळ कालमर्यादा कायम राहते. दोहोंपैकी जी आधी ओलांडली जाईल, तीनुसार जुने संदेश पुसले जातात. म्हणून अर्जांची कायम नोंद स्वतंत्र डेटाबेसमध्ये ठेवणे आवश्यक ठरते.